न उजळलेली मान

१

चित्रात मान काळी होती.

ड्रायव्हरसाहेबांच्या मानेत आणि छातीत कॅन्सरच्या गाठी आहेत, हे युनिटमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. औषध दिल्यानंतर गॅमा कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या गाठी दिव्यांसारख्या पेटायला हव्या होत्या. पेटलं होतं ते यकृत आणि डावीकडची प्लीहा. मान आणि छाती वीज गेलेल्या गल्लीसारखी पडून होती.

पडद्यासमोर चौघं उभे होते. शेवटी युनिटचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘मोठे डॉक्टर’ म्हणत, त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“माल नासलेला होता,” ते म्हणाले आणि फार्मासिस्टकडे न बघता बाहेर गेले.

ही उपचारपद्धत नवी होती आणि महाग होती. थायरॉइडच्या बहुतेक कॅन्सरना आयोडीनची तहान असते. किरणोत्सारी आयोडीन पाजलं की त्या पेशी ते आपणहून पितात आणि जळून जातात. ड्रायव्हरसाहेबांचा कॅन्सर त्या घराण्यातला नव्हता. आयोडीनशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. म्हणून ते आयोडीन एका अँटिबॉडीच्या पाठीवर बांधून पाठवायचं. ही अँटिबॉडी उंदराच्या पेशींपासून बनवलेली. गाठीच्या अंगावरची एक खूण ती बरोबर ओळखायची आणि पाठीवरचं ओझं नेमकं तिथे उतरवायची. ते ओझं बांधण्याचं काम फार्मासिस्टचं.

बांधताना हात चुकला, बाटली नको तितकी हलली, कुठे जास्त गरम झाली, की अँटिबॉडीचे गोळे होतात. असे गोळे यकृतात जाऊन अडकतात. चित्र अगदी असंच दिसतं. मोठ्या डॉक्टरांचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता.

सोमवारी समिती बसणार होती. फार्मासिस्टचा किरणोत्सारी औषधं हाताळण्याचा परवाना तिथे काढून घेतला जाणार, हे जवळपास ठरल्यात जमा होतं. फक्त त्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याचा अहवाल लागायचा. सुरक्षा अधिकारी म्हणजे युनिटची फिजिसिस्ट. पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी, हातात कायम किरण मोजण्याचा मीटर असलेली बाई. तिला सगळे मीटरबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

मीटरबाई पडद्यासमोर एकटीच मागे थांबली. तिला चित्रापेक्षा वेगळीच गोष्ट खुपत होती. ड्रायव्हरसाहेबांच्या शिसं लावलेल्या खोलीबाहेर ती रोज मोजमाप घ्यायची, आणि आकडा उतरायला हवा होता त्यापेक्षा फार वेगाने उतरला होता. औषध शरीरात टिकलंच नव्हतं. कोणीतरी ते आत शिरल्या शिरल्या धरून बाहेर काढलं होतं.

२

फार्मासिस्ट आपल्या खोलीत स्टुलावर बसला होता. काम करायला मनाई झाल्यामुळे त्याने हात मांडीवर ठेवले होते, आणि ते तिथे परके दिसत होते.

“या मीटरबाई. माझ्यातून किरण निघतायत का बघा. सगळे चार हात लांबून जातात.”

ती आत जाऊन त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. त्याने सांगितलं ते साधं होतं. बाटली नेहमीसारखीच बांधली, नेहमीसारखीच गाळली, नेहमीसारखीच तपासली. पण तपासणारा तोच आणि करणाराही तोच, तेव्हा त्याच्या शब्दाला समितीत कोण विचारणार? बायकोला अजून सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघतो आणि इथे बसून खातो, असं तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मीटरबाईने विचारलं, बाटलीत काही उरलं होतं का. उरलं होतं. तळाचे थेंब शिशाच्या डब्यात कुलूपबंद होते, आणि कुलपाची किल्ली तिच्याचकडे होती.

मग तिने त्या दिवसाबद्दल विचारलं. औषध शिरेतून चढवताना कोण कोण होतं? मोठे डॉक्टर सुरुवातीला होते, मग त्यांना फोन आला. तो स्वतः दारात होता. आणि सिस्टर होती, अर्थात. सिस्टर पूर्ण वेळ पलंगाजवळ होती.

“तिची तर त्या दिवशी सुट्टी होती,” फार्मासिस्ट म्हणाला. “तरी आली. आणि ट्रे बघायला हवा होता तुम्ही. श्वास अडकला तर द्यायची अ‍ॅड्रेनलिनची सुई भरून तयार, ऑक्सिजनचा मास्क सुटा करून ठेवलेला. मी म्हटलं, सिस्टर, औषध देतोय की युद्धावर निघालोय? ती हसलीसुद्धा नाही.”

एरवी त्या सुया बाजूला असायच्या, गरज लागली तर भरायला. इतकी जय्यत तयारी तिने आधी कोणत्या पेशंटसाठी केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मीटरबाईने मान डोलावली आणि उठली. दारात तिला वाटलं, याला काहीतरी धीराचं बोलावं. पण असं बोलायची सवय तिची कधीच मोडली होती. ती फक्त म्हणाली, “डबा माझ्या खोलीत आणून खात जा. मीही एकटीच खाते.”

तळाचे थेंब तिने दुसऱ्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत स्वतः नेले. तिथे तपासणारीला बाटली कोणाची, कशासाठी, काही सांगितलं नाही. दुपारी उत्तर आलं. गोळा एकही नव्हता. अँटिबॉडी धडधाकट होती आणि आयोडीन तिच्या पाठीवर पक्कं बसलेलं होतं.

म्हणजे बाटली निर्दोष होती. दोष असलाच तर ज्याच्या शरीरात ती गेली त्याच्यात होता.

३

ड्रायव्हरसाहेबांनी आयुष्यभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते. बंद खोलीत एकटं बसण्याचा त्यांना सराव होता, असं ते म्हणायचे. फक्त इथे खिडकी पुढे सरकत नाही.

मीटरबाई उंबऱ्याशी, शिशाच्या आडपडद्यामागे उभी राहिली. आकडा इतका खाली आला होता की आत गेलं तरी चाललं असतं. पण तिचे पाय उंबऱ्याशीच थांबायला शिकलेले होते. तिने आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं: इतकं अंतर, इतकाच वेळ, मुलांना कडेवर घ्यायचं नाही, बायकोच्या शेजारी झोपायचं नाही. लोक विचारायचे, कधीपर्यंत? ते ती सांगू शकायची. स्वतःबद्दल तिला कोणी विचारलं नव्हतं.

“ताई, माझं काही चुकलं का?” त्यांनीच आधी विचारलं. “काल मोठे डॉक्टर आले, पण डोळ्याला डोळा दिला नाही त्यांनी.”

तिने त्यांना विचारलं ते एकच. असं औषध, असंच नाही पण याच्या जातीचं, पूर्वी कधी घेतलं होतं का? ज्याच्या शरीरात उंदराची अँटिबॉडी एकदा येऊन गेली, त्याचं रक्त तिला विसरत नाही. दुसऱ्यांदा दिसली की वाटेतच घेरतं आणि यकृतात नेऊन टाकतं. अशा माणसाला या उपचाराला घेतच नाहीत, कारण एक तर औषध वाया जातं आणि दुसरं म्हणजे श्वास बंद पडून माणूसही जाऊ शकतो. त्यासाठी आधी रक्ताची एक तपासणी होते. युनिटमध्ये तिला ‘उंदीर-टेस्ट’ म्हणत. ड्रायव्हरसाहेबांची उंदीर-टेस्ट स्वच्छ आली होती, म्हणूनच तर ते इथे होते.

“घेतलं होतं ना,” ड्रायव्हरसाहेब म्हणाले. “फार वर्षं झाली. पहिल्या ऑपरेशननंतर, दुसऱ्या शहरात. कुठे काही उरलंय का बघायला सुई दिली आणि फोटो काढला. उंदराचं काहीतरी आहे म्हणाले, म्हणून लक्षात राहिलं. मी सांगितलं की सिस्टरला.”

“कधी?”

“रक्त घेत होती तेव्हा. त्या म्हणाल्या, ते जुनं झालं, त्याचं काही नाही. मग त्यांच्या हातातली नळी खाली पडली. दुसरी आणते म्हणून गेल्या.”

“आणली?”

त्यांनी आठवून बघितलं. नव्हती आणली. बाकीच्या नळ्या भरून झाल्या होत्या, म्हणून आपल्याला वाटलं, झालं असेल.

मीटरबाईने विचारलं, सिस्टर तुमच्याशी कशी वागते. ते जरा घुटमळले. बोलत नाहीत, म्हणाले. इतरांशी हसतात, आपल्याशी कामापुरतं. पण उशी मात्र रोज उलटी करून जातात, गार बाजू वर. कोणाला सांगावं लागत नाही.

“घरचं कोणी?”

“कोणी नाही,” ते म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले की बऱ्याच जणांना सांगून झालेलं असावं. हा आजार घराण्यात उतरू शकतो, मुलांची तपासणी करा, असं प्रत्येक डॉक्टर सांगायचा. जनुकांची चाचणी करा म्हणायचा. ती कोणासाठी करायची, असं ते विचारायचे आणि विषय संपायचा.

मीटरबाई परत फिरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नळी पडली होती, दुसरी आली नव्हती. तरीही ड्रायव्हरसाहेबांच्या नावाची नळी प्रयोगशाळेत पोचली होती.

४

तपासून उरलेला रक्तद्रव प्रयोगशाळा गोठवून ठेवते. मीटरबाईने ती नळी काढायला लावली आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आपला तर्क मांडला. त्यांना तो आवडला नाही. उपचारासाठी माणूस त्यांनी निवडला होता. बाटली नासली असेल तर चूक फार्मासिस्टची, पण माणूसच चुकीचा असेल तर सही त्यांची होती.

“रक्त दुसऱ्याचं आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? फ्रीजरला विचारलंत?”

“विचारायचंय,” ती म्हणाली. “यात कॅल्सिटोनिन मोजा.”

ही कसोटी बिनतोड होती. कॅल्सिटोनिन हे एक संप्रेरक. या जातीच्या कॅन्सरची पेशी ते ओतत असते. ड्रायव्हरसाहेबांच्या रक्तात ते हजारांनी होतं. धडधाकट माणसाच्या रक्तात जवळपास नसतंच. नळीत हजार निघाले तर रक्त त्यांचं. शून्य निघालं तर दुसऱ्याचं. तिसरं उत्तर नव्हतं.

उत्तर आलं ते तिसरंच.

शून्य नव्हतं. हजारही नव्हते. निरोगी माणसाच्या मर्यादेच्या बरंच वर आणि ड्रायव्हरसाहेबांच्या कितीतरी खाली. मोठे डॉक्टर जवळजवळ खूश झाले. गोठवून ठेवलं की असंच होतं, म्हणाले. रक्त त्यांचंच आहे, थोडं उतरलंय. मीटरबाईने दुसरा कागद पुढे सरकवला. तिने रक्तगटही बघायला सांगितला होता. तो जुळत नव्हता.

ती आपल्या खोलीत येऊन बसली. फार्मासिस्ट डबा घेऊन आला होता; तिचा चेहरा बघून त्याने अर्धा डबा तिच्याकडे सरकवला. तिने घास घेतला आणि तो तोंडात तसाच राहिला.

रक्त दुसऱ्याचं होतं. आणि त्या दुसऱ्यालाही हाच आजार होता. लाखांत एखाद्याला होणारा. लहान, अगदी सुरुवातीचा, अजून कोणालाच माहीत नसलेला. वाटेवरून कोणाचंही रक्त उचललं तर असं होत नाही. हे तेव्हाच होतं, जेव्हा तो आजार एका शरीरातून दुसऱ्यात उतरलेला असतो.

ज्या माणसाचं जगात कोणी नव्हतं, त्याच्या सख्ख्या रक्ताचं माणूस या मजल्यावर काम करत होतं.

“काय झालं?” फार्मासिस्टने शेवटी विचारलंच. “सुटलो की अडकलो?”

“तुम्ही सुटलात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, म्हणून तोही झाला नाही.

५

सिस्टर चादरींच्या खोलीत घड्या घालत होती. तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेली. मीटरबाईने आत येऊन दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत ती कधी या खोलीत आली नव्हती. इथे मोजण्यासारखं काही नव्हतं.

“समितीचं आहे का?” सिस्टरने घडी न सोडता विचारलं.

“नळीत तुमचं रक्त आहे.”

सिस्टरने चादर घडी पूर्ण करून ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि मग खाली बसली. नाकारलं नाही. कदाचित कोणीतरी येईल म्हणून ती रोज थांबली असावी.

तिने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी आणि कोरड्या आवाजात. ती शाळेत जायच्या आत बाप ट्रक घेऊन गेला तो गेलाच. आईने नंतर त्याचं नाव लावलं नाही, मुलीलाही लावू दिलं नाही. आई गेल्यावर कपाटात एक फोटो सापडला. या वसंतात नवा पेशंट आला, फाईल तिने उघडली, जन्मगाव वाचलं आणि वर बघितलं तर फोटोतला माणूस पलंगावर बसून बूट काढत होता. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखायला त्याच्याकडे काय होतं? तिनेही सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार होती?

मग रक्त घेताना तो त्या जुन्या सुईचं बोलला. तिला तिथल्या तिथे कळलं की टेस्ट अडकणार, हा परत जाणार आणि वर्षाच्या आत मरणार. पलीकडच्या खोलीत जाऊन तिने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला.

“ते मरू शकले असते,” मीटरबाई म्हणाली. “औषध शिरेत असतानाच.”

“म्हणून तर सुट्टी घेतली नाही. सगळं भरून उभी होते.”

“आणि फार्मासिस्ट?”

सिस्टरने पहिल्यांदा नजर खाली घातली. समितीच्या आधी आपण लिहून देणार होतो, म्हणाली. तसं ती रोज ठरवत होती. ती खरं बोलत होती की नाही, हे मोजायचा मीटर नव्हता. मीटरबाईने तो विषय सोडून दिला. तिला जे सांगायचं होतं ते अजून पुढेच होतं, आणि ते सांगायला ती जवळ जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर, सिस्टरच्या शेजारी बसली.

“तू तपासणी करून घेतली नाहीस. बाप कळल्यावरसुद्धा.”

सिस्टरला अजून कळलं नव्हतं. ती म्हणाली, “मी रोज पेशंटच्या मुलांना पाठवते तपासणीला. दटावून पाठवते. पण मी गेले असते तर तिथे विचारतात, आजार कोणाला आहे, तुमचा कोण. मग सांगावं लागलं असतं.” एवढं बोलून ती थांबली. मीटरबाई तिच्या गळ्याकडे बघत होती. हळूहळू सिस्टरचा हात उचलला गेला आणि गळ्याशी जाऊन थांबला. नर्स होती, कोणी शब्दांत सांगायची गरज उरली नाही.

“किती?”

मीटरबाईने आकडा सांगितला.

सिस्टरने तो मनातल्या मनात तोलला. तिने असे आकडे शेकड्यांनी वाचले होते. “म्हणजे अजून ग्रंथीतच असेल,” ती म्हणाली, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तशी. “काढून टाकली तर निघून जाईल.”

“हो. आत्ता काढली तर.”

चादरींच्या खोलीत उन्हाचा एक पट्टा आला होता. बराच वेळ दोघी त्यातली धूळ बघत बसल्या. मीटरबाईला जाणवलं, सिस्टरचा खांदा आपल्या खांद्याला टेकलाय. तिने तो हलवला नाही.

“अहवालात हे लिहावंच लागेल,” ती म्हणाली.

“लिहा. तुम्ही शोधलं नसतंत तर मला तरी कसं कळलं असतं.”

६

समितीपुढे सिस्टरने स्वतःच सगळं सांगितलं. फार्मासिस्टचा परवाना त्याच्याकडेच राहिला. त्याच संध्याकाळी त्याने पुढच्या पेशंटसाठी नवी बाटली मागवली आणि बायकोला फोन करून पहिल्यांदा रडला. सिस्टरला कामावरून काढलं. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या ऑपरेशनची तारीख मात्र दुसऱ्या कोणाला न सांगता स्वतः लावून दिली आणि फाईलवर आपल्या हाताने ‘तातडीचे’ असं लिहिलं. कदाचित त्यांना माफी मागण्याची तेवढीच पद्धत येत असावी.

ड्रायव्हरसाहेबांना हे औषध पुन्हा देता येणार नव्हतं. त्यांना ते कोण सांगणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा सिस्टर म्हणाली, मी सांगते. आता ती नर्स नव्हती. अंगावर घरचे कपडे होते आणि दारातून आत जाताना ती बाहेरच्यासारखी अडखळली. मीटरबाई तिच्याबरोबर आली आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून उभी राहिली.

आधी सिस्टरने औषधाचं सांगितलं. ते त्यांनी शांतपणे ऐकलं. काळ्या मानेचं त्यांना कधीच कळून चुकलं होतं. मग तिने आईचं नाव घेतलं, आणि आपल्या रक्तात काय निघालं तेही सांगितलं.

ड्रायव्हरसाहेब तिच्याकडे बघत राहिले. ट्रक चालवणाऱ्याचे जाड हात पलंगाच्या कडेवर होते, ते काही शोधत असल्यासारखे हलले आणि थांबले. माफ कर, असं ते म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांना पुरेल इतका तो शब्द मोठा नव्हता, आणि ते त्यांना कळत असावं. त्यांनी विचारलं, “तुझं ऑपरेशन कधी?”

गुरुवारी, ती म्हणाली. काही विशेष नाही, म्हणाली. शेकडो पेशंट बघितलेत.

“बघणं वेगळं,” ते म्हणाले. “शुद्धीवर आल्यावर आवाज घोगरा होतो, त्याला घाबरायचं नाही, परत येतो. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, कॅल्शियम देतात. आणि पलंगावरून एकदम उठायचं नाही. मान तोलत नाही पहिले काही दिवस. असं करायचं.”

त्यांनी दोन्ही हात मागे नेले, बोटं एकमेकांत अडकवली आणि स्वतःचं डोकं ओंजळीत धरावं तसं मागून धरलं. मग सावकाश, खांद्यासकट, सगळं शरीर एकदम उचललं.

“बघितलंस? डोकं आपणच आणायचं बरोबर. कर बघू.”

ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला आडवी झाली. हात मागे नेले. पहिल्या वेळी कोपर चुकलं. ड्रायव्हरसाहेब उठून जवळ गेले आणि त्यांनी ते हाताने धरून नीट केलं.

“हां. आता उठ.”